तेराव्या मजल्यावर ठरणारी वीज

पहाटे सव्वापाच

सांगोला तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन. रात्रभर मोटार चालवून, डाळिंबाला पाणी देऊन तो नुकताच घरी पोचलाय.

"ताई, आज सुनावणी हाय न्हवं? मग एवढं सायबास्नी सांगा. बिल शून्य आलंय, त्याचं बरं वाटतंय. पर लाईट रातचीच हाय. थंडीचं बॅटरी धरून फिरतोय, पायाखाली काय यील सांगता येत न्हाई."

"दादा, आजची सुनावणी कोळशाची आहे. पण तुमचं लिहून घेते. लेखी देणारच आहे मी."

कृषिपंपांच्या फिडरला थ्री-फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शून्य बिलामागे २०२४ च्या जुलैतला सरकारी निर्णय आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज, सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटी रुपये. त्याच नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. २००४ सालीही निवडणुकीच्या तोंडावर शेतीला मोफत वीज जाहीर झाली होती आणि २००५ मध्ये ती मागे घेतली गेली. तो अनुभव या भागातले लोक विसरलेले नाहीत. म्हणून दादांच्या बोलण्यात समाधान आहे आणि धास्तीही.

मला ही सवलत चुकीची वाटत नाही. कोरडवाहू तालुक्यातल्या माणसाला पाणी उपसायला मदत करावी, हा निवडून आलेल्या सरकारचा अधिकार आहे. वीज कायदा, २००३ तो मान्यही करतो. कलम ६५ म्हणतं की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम आगाऊ भरावी. खरी अडचण मोजमापाची आहे. असंख्य पंपांना मीटर नाही, असला तर चालत नाही. मग शेतीने किती वीज घेतली हे अंदाजाने ठरतं, आणि अंदाजात गळती, चोरी, चुकीची बिलं सगळंच सामावून जातं. मे २००० मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने पहिला दर-आदेश काढला तेव्हा हे उघड झालं. अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. तोवरची तफावत शेतकऱ्याच्या नावावर खपत होती.

सकाळी सात

डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. महिलांच्या डब्यात खिडकीपाशी जागा मिळाली की तासभर वाचन होतं. आजच्या याचिकेचा पहिला खंड मांडीवर आहे. एका खासगी वीजनिर्मिती कंपनीने वितरण कंपनीविरुद्ध दाखल केलेली ही याचिका. मागणी अशी की करार झाल्यानंतर कोळशावरचे कर आणि उपकर बदलले, त्याची भरपाई व्याजासकट मिळावी.

वीजखरेदीचा करार पंचवीस वर्षांचा असतो. एवढ्या काळात सरकारं बदलतात, कर बदलतात. म्हणून करारात एक कलम ठेवलेलं असतं: कायद्यातल्या बदलामुळे खर्च वाढला किंवा घटला, तर दोन्ही पक्षांना पूर्वीच्याच आर्थिक स्थितीत आणून ठेवायचं. हे कलम वाचायला साधं आहे. गेल्या पंधरा वर्षांत वीज क्षेत्रातले सगळ्यात मोठे खटले याच कलमावर लढले गेले.

मुंद्र्याचंच घ्या. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या या चार हजार मेगावॉटच्या प्रकल्पाची बोली टाटा पॉवरने २००६ च्या डिसेंबरात युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे दराने जिंकली. वीज घेणारी राज्यं पाच, त्यांत महाराष्ट्र एक. कोळसा इंडोनेशियाहून यायचा. २०१० मध्ये तिथल्या सरकारने नियम केला की निर्यातीचा कोळसा आंतरराष्ट्रीय भावाशी जोडलेल्या दरानेच विकायचा. कंपनीचं गणित कोसळलं. शेजारच्याच अदानींच्या मुंद्रा प्रकल्पाचंही. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१३ मध्ये भरपाई मंजूर केली. अपिलीय न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये वेगळ्या आधारावर दिलासा कायम ठेवला. आणि ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परक्या देशाने कायदा बदलला तर तो या करारातला कायद्यातला बदल नव्हे. कोळसा महाग होणं ही बोली लावणाऱ्याने पत्करलेली जोखीम आहे. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. देशातला कोळसा देण्याचं धोरण भारत सरकारने बदललं आणि ठरलेला कोळसा मिळाला नाही, तर त्याची भरपाई द्यावी लागेल. या दुसऱ्या भागाचे पडसाद तिरोड्याच्या आणि वरोऱ्याच्या प्रकल्पांच्या प्रकरणांत उमटले आणि तिथून महाराष्ट्राच्या बिलात आले.

गोष्ट तिथेही संपली नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात कोळशाची टंचाई झाली. ५ मे रोजी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने वीज कायद्याच्या कलम ११ खाली आदेश काढला: आयात कोळशावरच्या सगळ्या प्रकल्पांनी पूर्ण क्षमतेने चालावं, वाढलेला इंधनखर्च दरात धरला जाईल. न्यायालयाने हक्क म्हणून जे नाकारलं होतं, ते टंचाईच्या दिवसांत सरकारच्या आदेशाने मिळालं. लोकांच्या घरी वीज पोचवायची तर सरकारपुढे दुसरा मार्ग थोडाच होता. पण पुढच्या करारावर सही करताना दोन्ही बाजूंच्या लोकांना हे आठवत असतं, आणि त्यातून बोली लावायची वृत्तीच बदलते. कमी दर लावा, जिंका, नंतर बघू. याचं मला फार भय वाटतं.

सव्वानऊ

टर्मिनसवरून बसने कफ परेड. वाटेत महात्मा गांधी रोडवर हाँगकाँग बँकेची जुनी इमारत लागते. तिथे राज्य वीज मंडळाच्या होल्डिंग कंपनीचं कार्यालय आहे. ६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन झालं: निर्मिती, पारेषण, वितरण आणि वर ही होल्डिंग कंपनी. लोक अजून "बोर्ड"च म्हणतात. "बोर्डात कामाला आहे" या शब्दांवर गावात लग्नं ठरत.

सकाळी दहा

वीज बाजारात उद्याच्या विजेच्या बोली सुरू झाल्या. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, प्रत्येकाचा भाव वेगळा. बारापर्यंत बोली लावायच्या, मग यंत्रणा मागणी आणि पुरवठा जुळवते. युनिटला दहा रुपयांच्या वर भाव जाऊ द्यायचा नाही, ही मर्यादा केंद्रीय आयोगाने घातलेली. म्हणजे बाजार आहे, पण त्याच्या डोक्यावर छत कायद्याचं आहे. वितरण कंपन्यांची बहुतेक वीज मात्र या बाजारातून येतच नाही. ती जुन्या, लांब मुदतीच्या करारांतून येते. त्यामुळे मी भावफलकाकडे एकदा बघते आणि याचिकेकडे वळते.

पावणेअकरा

वर्ल्ड ट्रेड सेंटर, तेरावा मजला. महाराष्ट्र वीज नियामक आयोग. पाटीवर प्रकरणांची यादी लागली आहे, आमचा नंबर दुसरा. दिल्लीहून आलेले वकील, त्यांच्यामागे फायली घेतलेली मुलं. वितरण कंपनीच्या बाजूच्या वकिलांची फी कंपनीच्या प्रशासकीय खर्चात धरली जाते, तो खर्च दरात येतो. ती फी वाजवी असावी एवढाच माझा आग्रह. चांगला वकील नसेल तर नुकसान त्याहून मोठं होतं.

बाकावर काका बसले आहेत. बोर्डातून निवृत्त झालेले अभियंते, सत्तरी ओलांडलेले. कुठल्याही संघटनेचे नाहीत, पण जमेल त्या सुनावणीला येतात. यांच्याकडून मी एन्रॉनचा करार वाचायला शिकले.

"काका, तुम्ही कशाला दगदग करता?"

"अगं, त्र्याण्णव साली अशी खोलीच नव्हती. सुनावणी कुठे होती तेव्हा? करार झाला ते आम्हांला पेपरात कळलं."

काका सांगतात त्याला कागदपत्रांचा आधार आहे. अमेरिकेतली एन्रॉन कंपनी आणि मंडळ यांच्यात दाभोळच्या वीजप्रकल्पासाठी जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, स्पर्धेची बोली न मागवता. वीजखरेदीच्या करारावर ८ डिसेंबर १९९३ रोजी सह्या झाल्या. जागतिक बँकेने त्याच वर्षी प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं कळवलं होतं. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार द्यायचा, दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, मंडळाच्या देण्याला राज्य सरकारची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये सत्तांतर झालं. एन्रॉन समुद्रात बुडवू हा प्रचारातला मुद्दा होता. मुंडे समितीच्या अहवालानंतर ३ ऑगस्टला प्रकल्प रद्द झाला. काही महिन्यांतच वाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प परत आला, आधीपेक्षा मोठ्या क्षमतेचा. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. रुपया घसरला, नाफ्था महागला, युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणं बंद केलं. त्याच डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर झाली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी करून प्रकल्प तिच्याकडे द्यावा लागला.

पुण्याच्या प्रयास संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कराराचं एकेक कलम तपासून त्याचा बोजा किती पडेल याचं गणित आधीच मांडलं होतं. माधव गोडबोले यांच्या समितीने २००१ मध्ये सगळी प्रक्रिया तपासली. दोन्हींतून मला एकच गोष्ट शिकायला मिळाली. दाभोळच्या यंत्रांत दोष नव्हता. कागदावर सह्या करताना ज्यांना पैसे भरायचे होते, त्यांच्यापैकी कुणीही तिथे नव्हतं.

सव्वाअकरा

प्रकरण पुकारलं गेलं. कंपनीचे वकील बोलायला उभे राहिले आणि पाऊण तास बोलले. बोलणं नेमकं, अभ्यास पक्का. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला, २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. जीएसटी आल्यावर तोच भार भरपाई उपकर म्हणून चालू राहिला. बोली लावली तेव्हा यांपैकी बरंच काही नव्हतं, म्हणून भरपाई द्या, आणि ज्या दिवशी खर्च झाला त्या दिवसापासून वहन-व्याजही द्या.

या व्याजाकडे लोकांचं लक्ष जात नाही. समजा, दावा शंभर रुपयांचा आहे. वितरण कंपनी तो नाकारते, आयोगात हरते, अपिलात जाते, तिथे हरते, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात जाते. पाच-सात वर्षं जातात. शेवटी शंभराच्या जागी दीडशेच्या पुढे द्यावे लागतात. वरोऱ्याच्या प्रकल्पाच्या प्रकरणात २० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल स्पष्ट नाराजी नोंदवली: निकाल लागलेल्या प्रश्नांवर पुन्हा पुन्हा अपिलं केल्याने व्याजाचा बोजा अखेर ग्राहकावर पडतो. दावा नाकारणं अधिकाऱ्याला सुरक्षित वाटतं, कारण मान्य केला तर उद्या चौकशी लागेल. हरल्यावर पैसे द्यायला लागले तर ते न्यायालयाने द्यायला लावलेले असतात, सही करणाऱ्यावर काही येत नाही. मी या अधिकाऱ्यांना दोष देऊ शकत नाही. वेळेवर खरा दावा मान्य करणाऱ्या माणसाला संरक्षण देणारी पद्धत आपण उभी केलेली नाही.

वितरण कंपनीचं म्हणणं वीस मिनिटांत झालं. मग मी ग्राहक संघटनेतर्फे हस्तक्षेपासाठी उभी राहिले. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली: ग्राहक संघटना करारातला पक्ष नाही.

"माननीय आयोग," मी म्हटलं, "करारातला पक्ष आम्ही नाही, पण भरणारे आम्हीच. ग्राहकांचं म्हणणं मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार आयोगाला कलम ९४ ने दिला आहे. मला दहा मिनिटं हवीत."

मिळाली.

माझा मुद्दा एवढाच होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा ४०० रुपयांचा उपकर रद्द झाला आणि जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. हाही कायद्यातला बदल आहे. टनाला १,५०० रुपये भाव असलेला कोळसा धरा. जीएसटीची वाढ १९५ रुपये, उपकराची बचत ४००. टनामागे २०५ रुपये खर्च कमी. एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे युनिटमागे बारा ते चौदा पैसे. महाग कोळशाचं गणित मात्र उलटं होतं. टनाला साधारण ३,१०० रुपयांच्या वर भाव गेला की जीएसटीची वाढ उपकराच्या बचतीपेक्षा जास्त भरते. म्हणून प्रत्येक कराराचा, प्रत्येक खाणीच्या कोळशाचा हिशेब वेगळा मांडायला हवा. आणि उपकर वाढला तेव्हाची भरपाई कंपनीला ज्या दिवसापासून आणि ज्या व्याजाने मिळणार, त्याच दिवसाच्या आणि त्याच व्याजाच्या नियमाने घट ग्राहकाला परत यायला हवी.

"तुमच्याकडे याचिकाकर्त्यांच्या कोळशाचा प्रत्यक्ष दर आहे?" पीठावरून प्रश्न आला.

"नाही. तो त्यांच्याकडे आहे. तोच शपथेवर दाखल करायला सांगावा, ही माझी विनंती आहे."

कंपनीच्या वकिलांनी सहकाऱ्याशी कुजबुज केली आणि दोन आठवड्यांची मुदत मागितली. आयोगाने ती दिली, तिन्ही बाजूंना लेखी म्हणणं सादर करायला सांगितलं आणि पुढचं प्रकरण पुकारलं. तेरा पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. कोट्यवधी युनिटांना गुणून बघा, म्हणजे दिल्लीहून विमानाने वकील का येतात ते कळेल.

दुपारी दीड

खाली उतरून काकांबरोबर डबा. या वेळी राज्यात सौर वीज भरात असते. म्हणूनच नव्या दररचनेत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेल्या विजेला सवलत आहे आणि उद्योगांना संध्याकाळनंतर जादा आकार. काकांचं म्हणणं, शेतीची सगळी वीज याच वेळेत द्यावी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूही तोच: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची. २०१७ साली ही योजना आली, २०२३ मध्ये दुसरा टप्पा. सांगोल्याच्या दादांचं उत्तर मुळात इथे आहे. पण त्यासाठी जमीन लागते, गायरानावर प्रकल्प येणार म्हटल्यावर गावाची ग्रामसभा काय म्हणते ते लागतं, आणि गुरं चारणाऱ्यांना विचारावं लागतं.

दुपारी तीन

मंत्रालय. आवक विभागात पत्र देऊन शिक्का घ्यायचा, एवढंच काम. पत्र ऊर्जा विभागाला आहे: शेतीच्या सवलतीची रक्कम किती तारखेला किती भरली, हे दर तिमाहीला जाहीर करावं, आणि फिडरवरच्या मीटरचे आकडे त्याला जोडावेत.

लोक मला विचारतात, दर ठरवायला आयोग आहे ना, मग मंत्रालयात कशाला? कारण दोन्हींमधली सीमा दिसते तेवढी ठळक नाही. कलम १०८ खाली राज्य सरकार धोरणाच्या बाबतीत आयोगाला निर्देश देऊ शकतं. आयोगाचे सदस्य निवड समितीच्या शिफारशीवरून सरकारच नेमतं. वितरण कंपनीही सरकारचीच. २०२५ साली काय घडलं ते बघा. २८ मार्चला आयोगाने पुढच्या पाच वर्षांसाठीचा बहुवार्षिक आदेश काढला, दर उतरवले. कंपनीने हिशेबात चुका आहेत म्हणून धाव घेतली. २ एप्रिलला आदेशाला स्थगिती मिळाली. २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. मार्चच्या आदेशाआधी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लोकांनी हरकती नोंदवल्या होत्या, सुनावण्यांना हजेरी लावली होती. फेरविचारात त्यांचं म्हणणं किती ऐकलं जावं, हा वाद पुढे न्यायालयात गेला.

माझं ठाम मत आहे की दर वाढो वा उतरो, ज्यांना ऐकून आदेश काढला त्यांना पुन्हा ऐकल्याशिवाय तो बदलू नये. कंपनीची तूट खरी असेल तर ती लोकांसमोर सिद्ध होऊ द्या. लोक समजून घेतात. इचलकरंजीत आणि मालेगावात मी यंत्रमागवाल्यांना वीजखरेदीचे तक्ते वाचताना पाहिलं आहे.

संध्याकाळी पाच

इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीच्या संचालकांचा फोन.

"मॅडम, सोलरवाले आलेत. म्हणतात, आमच्या कंपनीत सव्वीस टक्के भाग घ्या, वीज स्वस्तात देतो. घेऊ का?"

हा सध्याचा मोठा व्यवहार आहे. उद्योगाने दुसऱ्याकडून वीज घेतली तर वितरण कंपनीला क्रॉस सबसिडी अधिभार द्यावा लागतो, कारण उद्योग जादा दर भरतात म्हणून घरगुती आणि शेतीचे दर खाली राहतात. पण स्वतःच्या प्रकल्पातली वीज असेल तर हा अधिभार नाही. आणि २००५ च्या नियमांनुसार प्रकल्पात किमान २६ टक्के मालकी आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के वापर असेल तर तो स्वतःचा प्रकल्प. अनेक गिरण्या मिळूनही ही अट पूर्ण करू शकतात. या दोन आकड्यांभोवती सौर कंपन्या, बँका आणि वकील यांचं अख्खं काम उभं राहिलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची वितरण कंपनी महावितरण आणि जेएसडब्ल्यू स्टील यांच्या प्रकरणात स्वतःच्या विजेवर अतिरिक्त अधिभारही लागू नाही असं ठरवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात, भागधारकाने आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात वीज वापरली पाहिजे, ही अट पक्की केली.

"घ्या," मी म्हटलं, "पण तीन गोष्टी बघा. भाग परत विकताना किंमत काय मिळेल. गिरणी चार महिने बंद राहिली तर प्रमाणाची अट मोडेल का, आणि मोडली तर वर्षभराचा अधिभार कोण भरणार. आणि कायदा बदलला तर भार कुणाचा, हे करारात साफ लिहून घ्या."

त्यांना योग्य सल्ला देणं माझं काम आहे. गिरणी टिकली तर दोन-चारशे घरं टिकतात. तरीही फोन ठेवल्यावर मन जड होतं. एकेक मोठा ग्राहक बाहेर पडतो तसा जादा दर भरणारा कमी होतो, आणि उरलेल्यांवर भार वाढतो. पिठाची गिरणी, किराणा दुकान, सलून यांना सौर कंपनीत भाग घ्यायला कोणी बोलावत नाही. शेतीची सवलत उद्योगाच्या बिलातून काढण्याची पद्धत म्हणूनच फार दिवस चालणार नाही. ती सरळ राज्याच्या अर्थसंकल्पातून द्यावी, विधानसभेत त्यावर चर्चा व्हावी.

संध्याकाळी सात

परतीची लोकल. गर्दी इतकी की वाचन शक्य नाही. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात या वेळी सगळ्यात जास्त ताण असतो: सूर्य मावळलेला, घरोघरी दिवे, शेगड्या, टीव्ही. हाताशी लगेच चालू होणारी वीज म्हणजे कोयना, १,९६० मेगावॉट. तिलाही मर्यादा आहे, आणि ती धरणाच्या पाण्याची नसून लवादाच्या निवाड्याची आहे. वीज करून पश्चिमेला सोडलेलं पाणी कृष्णेच्या खोऱ्यात परत येत नाही, वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. म्हणून कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीचीच परवानगी दिली. जूनपासून पुढच्या मेपर्यंत हा कोटा पुरवून वापरायचा. राज्याराज्यांमधल्या वादाचा निवाडा रोज संध्याकाळी असा टर्बाइनपर्यंत पोचतो.

त्याच सह्याद्रीत १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. टाटांच्या धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने त्यांची भातखाचरं घेतली गेली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, मुळशीचा सत्याग्रह अजून त्या खोऱ्यातल्या लोकांच्या तोंडी आहे.

रात्री नऊ

जेवण झालं. लेखी म्हणण्याचा मसुदा सुरू. पहिल्या भागात कोळशाच्या कराचं गणित, दुसऱ्यात व्याजाची समान तारीख, तिसऱ्यात वितरण कंपनीने दावे किती दिवसांत निकाली काढावेत याची वेळमर्यादा. सांगोल्याचा मुद्दा या प्रकरणात बसत नाही. तो दरनिश्चितीच्या हरकतीत जाईल: रात्रीच्या पाळीचे फिडर किती, दिवसा वीज देण्याचं वेळापत्रक काय.

साडेनऊला मालेगावच्या एका यंत्रमागधारकाच्या मुलाचा फोन. बी.कॉम. झालाय, वडिलांच्या बिलातला इंधन समायोजन आकार त्याला खटकतोय. पुढच्या जनसुनावणीत हरकत घ्यायची आहे.

"मॅडम, मराठीत लिहिलं तर चालतं का?"

"चालतं. वर प्रकरण क्रमांक लिही, मग नाव, पत्ता, फोन. हरकतीची तारीख चुकवू नकोस. आणि प्रत्यक्ष बोलायचं आहे असं स्पष्ट लिही."

"किती पानं लिहू?"

"दोन पुरे. पण आकडे तुझ्या स्वतःच्या बिलातले हवेत. बारा महिन्यांची बिलं उद्या व्हॉट्सॲपवर पाठव, मी तक्ता करून देते. नाशिकच्या सुनावणीला तू बोल, मी शेजारी बसेन."